अजून न बनलेली चिप

पडद्यावर मघापासून सरसर वर सरकणाऱ्या ओळी एकाएकी थांबल्या आणि तळाशी एकच शब्द उरला: किल्ड. कुणी मारलं, का मारलं, काही खुलासा नाही. वहिनींनी खुर्ची मागे ढकलली आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. सकाळपासून हे पुन्हा पुन्हा असंच होत होतं.

वहिनी हे काही त्यांचं नाव नव्हे. पण त्या ज्या ऑफिसात रुजू झाल्या होत्या, तिथले मुख्य डिझाइनर म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे दीर. पहिल्याच दिवशी ते सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, तुझी जागा ही." झालं. त्या दिवसापासून त्या साऱ्या ऑफिसच्या वहिनी झाल्या. मालकसुद्धा त्यांना वहिनीच म्हणत. आणि मालकांचे केस ऐन पन्नाशीतच पांढरेफटक झाल्यामुळे त्यांना सगळे आजोबा म्हणत. बाहेरून आलेल्या माणसाला वाटावं, हे ऑफिस आहे की कुणाच्या घरचं लग्न.

ऑफिस दोन खोल्यांचं, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. खाली ड्रिल सुरू झालं की वर टेबलावरचे पेन थरथरायचे आणि कुणाच्या तरी दाढेच्या काळजीने सगळे क्षणभर गप्प व्हायचे. या दोन खोल्यांत एक चिप आकार घेत होती. व्हेंटिलेटरमध्ये बसणारी. पेशंटची नळी निसटली किंवा हवेचा दाब भलताच चढला तर ते ओळखायचं, झडप उघडायची आणि भोंगा वाजवायचा, हे तिचं मुख्य काम. त्यासाठी मुदत ठरलेली होती. पापणी लवायच्याही आत.

मात्र ही चिप अजून जगात नव्हती. तिचा आराखडा कारखान्याला पाठवायचा होता, आणि एकदा तो गेला की बदल नाही. प्रोग्राम चुकला तर दुरुस्त करता येतो. सिलिकॉनवर कोरलेलं खोडता येत नाही. भाऊजींच्या माणसांनी चिपचा एकेक भाग तार न् तार तपासला होता. पण ती तपासणी इतकी सावकाश चालायची की अख्खा प्रोग्राम त्यात चालवायचा म्हटला असता तर तो संपेपर्यंत सगळे निवृत्त झाले असते. म्हणून व्हेंटिलेटरवाल्यांनी अट घातली: चिपची नक्कल तरी करा, आणि तिच्यावर आमचा पूर्ण प्रोग्राम चालवून दाखवा.

अशी नक्कल करणारा एक सिम्युलेटर होता. जगभरातल्या माणसांनी मिळून लिहिलेला, कोडसकट उघडा ठेवलेला. कुणीही घ्यावा, आत डोकवावं, हवा तसा बदलावा. किती कोअर, म्हणजे एकाच वेळी कामं करणारे किती मेंदू, किती मेमरी, कशाला किती वेळ लागतो हे त्याला सांगायचं, की तो तशा चिपसारखा वागू लागतो. "वहिनी, एवढा उभा करून दे," भाऊजी म्हणाले होते. "तुझ्या हातचा मळ आहे."

हातचा मळ! लग्नाआधी वहिनींनी प्रोसेसरवरच काम केलं होतं हे खरं. पण मग मुलगी झाली, मग सासऱ्यांचं लांबलेलं आजारपण, आणि बघता बघता इतकी वर्षं गेली की आता नव्या साधनांची नावंही अनोळखी वाटत. ऑफिसातल्या पोरीबाळी ज्या वेगाने कीबोर्डवर बोटं चालवत, ते पाहून त्या आपले हात टेबलाखाली घ्यायच्या. भाऊजींच्या वशिल्याने आलेली बाई, असं कुणी तोंडावर म्हणालं नव्हतं. म्हणायची गरजही नव्हती. त्या स्वतःच रोज म्हणत.

सिम्युलेटर आधी बांधावा लागतो, म्हणजे त्याचा कोड आपल्या यंत्रावर कंपाइल करावा लागतो, आणि तिथेच घोडं अडलं होतं. आधी त्याला लागणाऱ्या तयार कोडची एक लायब्ररी सापडेना. ती आणली तर दुसरीची आवृत्ती जुळेना. ती जुळवली तर आता हे किल्ड. तेवढ्यात भाऊजी मागून चालले होते, ते वाकून पाहू लागले.

"किती कामं एकदम लावलीस?"

"यंत्रात जेवढे कोअर आहेत तेवढी. लवकर व्हावं म्हणून."

"अगं, एवढा घास एकदम भरवलास तर ठसका लागणारच. एकेक कंपाइलर केवढी मेमरी खातो! मेमरी संपली की सिस्टिम सगळ्यात खादाड कोण ते बघते आणि त्याचा गळा धरते." ते हसले. "निम्म्याहून कमी लाव. वेळ लागेल, पण होईल."

झालंच. दुपार कलता कलता शेवटची ओळ आली, चूक नसलेली. वहिनींनी नमुन्याची फाइल घेतली, सिम्युलेटरबरोबर येणारा सगळ्यात साधा प्रोग्राम तिला जोडला आणि एंटर दाबलं. पडद्यावर उमटलं: हॅलो वर्ल्ड. सगळे नवशिके पहिल्या दिवशी जे करतात तेच हे. पण कुठेही नसलेल्या एका चिपने आपल्याला हाक मारली असं त्यांना वाटलं, आणि उगाचच डोळे भरून आले. इकडेतिकडे पाहून त्यांनी ते पुसले.

पुढचे काही दिवस त्या नमुन्याला आपल्या चिपचं रूप देण्यात गेले. दोन कोअर. पहिला श्वास सांभाळणार आणि धोका ओळखणार, दुसरा पडदा रंगवणार आणि नोंदी लिहिणार. अखेर व्हेंटिलेटरवाल्यांचा प्रोग्राम चालला. धोका झाला असं सोंग केलं, झडप उघडली, भोंगा वाजला. लागलेला वेळ मुदतीच्या निम्म्याहून कमी.

आजोबांनी स्वतः उठून सगळ्यांसाठी चहा केला. तो इतका वाईट होता की सगळ्यांनी हसत हसत प्यायला. संध्याकाळी भाऊजी वहिनींकडेच जेवायला होते. तसे ते एकटेच राहत आणि आठवड्यातून चार वेळा तरी जेवायला येत. त्यांनी ताटावर बसल्या बसल्या आईला सगळी हकिकत सांगितली.

"म्हणजे चिप पास झाली?" सासूबाईंनी विचारलं.

"झाली की! मुदतीच्या निम्म्यात."

"पण ती अजून झालीच नाही म्हणालास ना? जन्माआधीच बाळाचं प्रगतिपुस्तक आणलंत म्हणायचं."

सगळे हसले. वहिनीही हसल्या, पण त्यांच्या मनात एक बारीकसा खडा टोचत होता. ऑफिसातून निघायच्या आधी त्यांनी सहज म्हणून एक गोष्ट करून पाहिली होती. दुसऱ्या कोअरवरचं नोंदींचं काम दुप्पट केलं होतं. मेमरी दोघांत एकच, तेव्हा एवढा भार टाकल्यावर पहिल्याला थोडी तरी झळ लागायला हवी. वेळ तसूभरही बदलला नव्हता. तराजूच्या पारड्यात वजन टाकलं तरी काटा हलू नये, तसं. त्या रात्री झोपण्यापूर्वी त्यांनी सिम्युलेटर वापरणाऱ्यांच्या मेलिंग लिस्टवर प्रश्न टाकला. आपली फाइलही जोडली. प्रश्न बावळट असेल तर माफ करा, असं वर लिहिलं, मग ते खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

उत्तर आलं ते नेमकं आराखडा पाठवायच्या दिवशी सकाळी. वहिनी ऑफिसात पोचल्या तेव्हा आतल्या खोलीत आजोबा आणि भाऊजी फायली एकत्र करत होते. कारखाना लहान गिऱ्हाइकांच्या चिपा एकत्र घेऊन त्यांची एक खेप काढायचा. आजच्या संध्याकाळी ती खेप बंद होणार होती, आणि पुढची निम्मं वर्ष उलटल्यावर. कुणीतरी दारावर फुगा बांधला होता.

उत्तर लिहिणाऱ्याने नावाच्या जागी नुसतं "गवंडी" असं टोपणनाव लावलं होतं.

"तुमची फाइल पाहिली," त्याने लिहिलं होतं. "नमुन्यात आपोआप येणारा सीपीयू तुम्ही तसाच ठेवला आहे. तो घाईचा सीपीयू आहे, प्रोग्राम भराभर पुढे न्यायला ठेवलेला. मेमरीकडे जायला लागणारा वेळ तो धरत नाही. म्हणून भार वाढवूनही आकडा हलला नाही. तुमचा प्रोग्राम बरोबर चालतो एवढं यावरून कळतं. वेळेबद्दल काहीही कळत नाही. सविस्तर, म्हणजे प्रत्येक पायरीचा वेळ धरणारा, सीपीयू लावून पाहा. सुरुवातीला ही चूक आम्ही बहुतेकांनी केली आहे."

वहिनींनी फाइल उघडली. ती ओळ तिथेच होती, कितीतरी वेळा वरवर वाचलेली.

खाली दवाखान्यात ड्रिल सुरू झालं. वहिनी पडद्याकडे बघत बसून राहिल्या. ही मेल त्यांच्याशिवाय इथे कुणीही वाचणार नव्हतं. व्हेंटिलेटरवाल्यांनी आकडा मान्य केला होता. भाऊजींचा आराखडा चांगलाच असणार, ते कच्चं काम करणारे नव्हेत. बहुतेक सगळं ठीकच निघेल. बहुतेक. हा शब्द मनात आला आणि त्यांना सासऱ्यांची खोली दिसली. त्यांना लावलेल्या श्वासाच्या यंत्राचा सुस्कारा, आणि ते जरा वेगळं वाजलं की धावत गेलेल्या आपण.

त्या उठल्या आणि आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"भाऊजी, जरा बाहेर येता?"

"इथेच बोल ना. सगळे आपलेच आहेत."

"माझा आकडा चुकलाय."

भाऊजींचा हात माउसवरच थांबला. "कितीने?"

"कितीने असं नाही. तो आकडाच नाही. मी चुकीचा सीपीयू लावला होता, त्यात वेळ मोजलाच जात नाही. झडप उघडते, भोंगा वाजतो, एवढंच खरं. किती वेळात ते आपल्याला माहीत नाही."

भाऊजी हळूच म्हणाले, "आज, वहिनी? आज सांगतेस?"

"मला आज कळलं."

"मग आता काय करायचं म्हणतेस?"

"सविस्तर सीपीयू लावून पुन्हा चालवायचं. पण ते फार सावकाश चालतं. संध्याकाळपर्यंत होईलच असं सांगता येत नाही."

"आणि नाही झालं तर?" आता त्यांचा आवाज चढला. "जगात लोक चिपा बनवतात त्या काय सगळ्या ही फुकटची खेळणी चालवून? माझी माणसं वर्षभर राबलीत. एका मेलवर सगळं थांबवायचं? कोण आहे हा गवंडी? त्याला आपल्या चिपमधलं काय कळतं?"

"त्याला नाही कळत. पण त्याच्या सिम्युलेटरमधलं कळतं," वहिनी म्हणाल्या.

आजोबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घातला. "फायली तयार ठेवा," ते भाऊजींना म्हणाले. "बटण दाबायचं नाही. वहिनी, तुम्ही जाऊन बसा. काय लागेल ते सांगा."

वहिनींनी सविस्तर सीपीयू लावला आणि एंटर दाबलं. पडदा निश्चल. बऱ्याच वेळाने प्रोग्रामने सुरुवातीची पहिली ओळ छापली. असंच चाललं असतं तर नुसतं यंत्र सुरू होण्यातच संध्याकाळ झाली असती, धोक्याचा प्रसंग तर लांबच. त्यांनी माहितीची पानं भराभर चाळली. मार्ग होता: सुरुवातीचा कंटाळवाणा भाग त्या घाईच्या सीपीयूवर धावत पार करायचा, तिथे सगळी अवस्था जशीच्या तशी साठवायची, आणि मग त्या ठिकाणापासून पुढे सविस्तर सीपीयू लावायचा. जे साधन त्यांना फसवून गेलं होतं ते मुळात याच कामासाठी होतं.

साठवलं. पुन्हा उघडायला गेल्या तर सिम्युलेटरने साफ नकार दिला. का? मधल्या वेळात त्यांनी फाइलमध्ये मेमरीचा आकार बदलला होता. साठवलेली आणि आताची जुळेनात. पुन्हा पहिल्यापासून. पाठीमागून माणसं जात-येत होती. प्रत्येकजण त्यांच्या खुर्चीमागे एक पाऊल रेंगाळत होता.

फोन वाजला. नवरा होता.

"त्याचा फोन आला होता मला," तो म्हणाला. त्याचा म्हणजे भाऊजींचा. "म्हणाला, वहिनीला सांग, फार ताणू नकोस. काय झालंय?"

वहिनींना आधी खरंच वाटेना. मग कानशिलं तापली. ऑफिसातला वाद घरच्या फोनवर! "तू काय म्हणालास?"

"म्हटलं, विचारतो. तुझ्या कामातलं मला काय कळतंय? पण तो घाबरलाय गं. इतका मी त्याला बाबांच्या वेळीही पाहिला नव्हता."

"मग मला काही सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "आणि त्यालाही नको. मुलीला शाळेतून तूच आण." फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण नवऱ्याशी बोलताना दिराचा पहिल्यांदाच एकेरी उल्लेख केला.

पहिला आकडा दुपारी आला. मुदतीच्या कितीतरी बाहेर. त्या भाऊजींना बोलवायला उठणार तोच ते मागे उभे असलेले दिसले. केव्हापासून होते कुणास ठाऊक.

"मेमरी कुठली धरलीस?" त्यांनी कोरडेपणाने विचारलं.

"नमुन्यातली."

"ती आपली नाहीच! दुसऱ्याच्या चपला घालून पळवतेस आणि वर म्हणतेस हळू धावतो." त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. दिवसभरात ते पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी बसले. "लिही. मी सांगतो."

ते आकडे तोंडपाठ सांगत गेले, वहिनी टाइप करत गेल्या. इतका वेळ आत जायला, इतका बाहेर यायला, वाट अशी, रांग अशी. मध्ये एकदा वहिनींनी थांबवलं, "हा आकडा आराखड्यात वेगळा आहे," आणि भाऊजींनी तपासून मान हलवली. पुन्हा चालवलं. दोघंही पडद्यासमोर.

दुसरा आकडा मुदतीच्या आत होता. चांगलाच आत.

"बघ!" भाऊजी ओरडले. आतल्या खोलीतून कुणीतरी टाळी वाजवली. वहिनींच्याही जिवात जीव आला. त्यांना वाटलं, इथेच थांबावं. पण हात थांबले नाहीत. "आता नोंदींचा भार वाढवून," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"मागच्या वेळी तिथेच काटा हलला नव्हता."

भार वाढवला. धोक्याचा प्रसंग पुन्हा पुन्हा घडवला. आकडे एकाखाली एक उतरू लागले. आत. आत. आत. मग एक बाहेर. थोडासाच, पण बाहेर. पुन्हा बरेच आत. आणि पुन्हा एक बाहेर.

"परत चालव," भाऊजी म्हणाले.

परत तेच.

आता ते चिडले नाहीत. त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि सिम्युलेटरने चालणं संपल्यावर लिहून ठेवलेली लांबलचक आकडेवारी उघडली. वहिनींना त्यात अजून नीट दिशा सापडत नव्हती. भाऊजी मात्र बोटाने ओळी सरकवत असे खाली गेले, जणू स्वतःच्या घराच्या पायऱ्या उतरत होते. एका ओळीवर बोट थांबलं.

"कॅश," ते म्हणाले.

दोन्ही कोअरना मिळून हाताशी एक छोटं कपाट होतं, वारंवार लागणारं सामान ठेवायचं. नोंदींचा लोंढा आला की दुसरा कोअर त्या कपाटात आपलं सामान कोंबायचा आणि धोक्याच्या वेळी लागणारा पहिल्याचा कोड बाहेर ढकलला जायचा. मग ऐन वेळी तो लांबच्या मेमरीतून आणावा लागायचा, आणि तेवढ्यात मुदत उलटायची. मूळ आराखड्यात त्या कपाटात धोक्याच्या कोडसाठी एक राखीव कप्पा होता. चिप लहान करायची म्हणून सगळ्यांनी मिळून तो काढला होता. तेव्हा कुणालाच त्यात वावगं दिसलं नव्हतं.

"प्रोग्रामने सावरता येईल," भाऊजी उठत म्हणाले. "नोंदी एकदम नाही लिहायच्या, थोड्या थोड्या लिहायच्या." त्यांनी स्वतः तो बदल केला. खिडकीबाहेरचं ऊन समोरच्या भिंतीवर चढत वर गेलं होतं. आजोबा आता खुर्ची घेऊन मागेच बसले होते आणि हातातल्या फोनकडे दर थोड्या वेळाने बघत होते.

आकडे उतरले. आत, आत, आत. खूप वेळ आत. भाऊजींच्या ओठांच्या कडा सैल झाल्या. आणि मग, अगदी शेवटाकडे, एक बाहेर.

आजोबांनी विचारलं, "एकदाच ना?"

"एवढ्या वेळात एकदा," वहिनी म्हणाल्या.

"आणि माणूस त्या यंत्रावर आठवडेच्या आठवडे असतो," आजोबा म्हणाले.

"आजोबा, हा सिम्युलेटर आहे," भाऊजी म्हणाले. त्यांच्या आवाजात विनवणी होती. "नक्कल. थोडं इकडेतिकडे होणारच. माझा अनुभव सांगतो, खरी चिप याहून वेगानेच चालेल."

"वहिनी?"

वहिनींना वाटलं, आता ठाम काहीतरी सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. "भाऊजी म्हणतात ते खोटं नाही," त्या म्हणाल्या. "इकडेतिकडे होणार. पण इकडे की तिकडे, ते मला माहीत नाही. कालपर्यंत जे मला ठाऊक आहे असं वाटत होतं तेही नव्हतं."

आजोबा उठून खिडकीपाशी गेले. तिथून त्यांनी कारखान्याला फोन लावला. बोलणं दोन मिनिटांत संपलं. नाही, या खेपेत नाही. हो, कळतंय. आभारी आहे. फोन खिशात ठेवून ते तसेच पाठमोरे उभे राहिले. भाऊजींनी बॅग उचलली आणि कुणाकडेही न बघता जिना उतरून गेले. दारावरचा फुगा त्यांच्या खांद्याला घासला आणि पुन्हा जागेवर येऊन डुलत राहिला.

नंतरचे दिवस वाईट गेले. व्हेंटिलेटरवाले खवळले आणि दुसऱ्या चिपवाल्यांशी बोलणी सुरू केल्याचं कानावर आलं. भाऊजींच्या हाताखालची एक हुशार मुलगी दुसरीकडे गेली, जाताना वहिनींना म्हणाली, "तुमचं बरोबरच होतं हो, पण मला नाही बसवत आता." भाऊजी जेवायला येईनासे झाले. सासूबाई त्यांचं ताट मांडत, मग मुकाट्याने उचलून ठेवत. सुनेला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागायचं. नवरा एकदा म्हणाला, "मी बोलू का त्याच्याशी?" वहिनी म्हणाल्या, "नको. त्याचं काम मोडलंय. ते बोलण्याने नाही जुळायचं."

ऑफिसात भाऊजी समोरच्या टेबलावरून तिसऱ्याच माणसामार्फत निरोप देत. "वहिनींना सांग, राखीव कप्पा परत घातलाय." "वहिनींना म्हणावं, नवीन आकडे पाठवलेत." वहिनी नवे आकडे घालून पुन्हा चालवत. जोवर भाऊजी बोलत नव्हते तोवर त्या ती लांबलचक आकडेवारी ओळ न् ओळ वाचायला शिकल्या. अडलं की मेलिंग लिस्टवर विचारत, आणि आताशा कधीमधी दुसऱ्या नवशिक्यांना उत्तरंही देत. राखीव कप्प्यानंतर भार कितीही वाढवला तरी एकही आकडा बाहेर गेला नाही. तरी त्यांचा विश्वास बसेना. त्या भार वाढवतच राहिल्या.

मग एका दुपारी भाऊजी स्वतःच टेबलाशी येऊन उभे राहिले. निरोप्या नाही, कुणी नाही.

"वहिनी, दाब मोजणाऱ्या सेन्सरला स्वतःलाच थोडा वेळ लागतो. तो तू धरलायस का?"

वहिनींनी क्षणभर विचार केला. "नाही धरला."

"मीही नव्हता धरला. सकाळी दाढी करताना सुचलं."

त्यांनी खुर्ची ओढली. त्या दिवशीबद्दल दोघांनीही चकार शब्द काढला नाही, त्या दुपारीही नाही आणि पुढेही नाही. संध्याकाळी भाऊजी जेवायला आले आणि सासूबाईंनी त्यांना नको नको म्हणेपर्यंत वाढलं.

आराखडा पुढच्या खेपेत गेला. व्हेंटिलेटरवाले शेवटी कुठे गेले नाहीत. त्यांच्याकडच्या एका डॉक्टरीणबाईंनी सगळे आकडे स्वतः मागवून घेतले, वाईट निघालेलेही, आणि ते वाचून इथेच राहायचं ठरवलं. बऱ्याच महिन्यांनी एक लहानसा खोका आला. आत नखाएवढ्या चिपा. भाऊजींनी एक बोर्डावर बसवली, तारा जोडल्या, आणि वहिनींनी तोच धोक्याचा प्रसंग, तोच भार, खऱ्या यंत्रावर घडवला. दिवसभर मोजलं. सगळे आकडे मुदतीच्या आत. सिम्युलेटरने सांगितले होते त्याहून जरा कमीच.

"म्हणालो होतो ना," भाऊजी म्हणाले, "खरी चिप याहून वेगाने चालते."

घरी जेवताना त्यांनी ते पुन्हा सांगितलं. नवऱ्याने घास हातातच ठेवला. "थांबा जरा. खरी चिप जर नकलेहून वेगाने चालते, तर मग ती जुनीही चालली असती की काय?"

वहिनींनी भाऊजींकडे पाहिलं. हा प्रश्न तेही मनात घेऊन बसले होते हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"मला वाटतं, चालली असती," भाऊजी म्हणाले. "वहिनी, तुला?"

"मला नाही वाटत," वहिनी म्हणाल्या. "पण ती बनलीच नाही. मोजणार कुणाला?"

"म्हणजे कळणार नाहीच?" नवऱ्याने विचारलं.

"नाही."

भाऊजींनी मान हलवली. त्यात त्यांना पटलं होतं असं नाही, आणि वहिनींनाही ते पटवून द्यायचं नव्हतं. "उद्या लवकर ये," ते म्हणाले. "चिप तापल्यावर कशी वागते ते अजून बघायचंय. मला त्याची धाकधूक आहे."

"मलाही," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी पाण्याचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं.